पेव फुटणे

हरिपूरच्या वाटेवर, ओळीतल्या चिंचा संपतात तिथं
नेमगोंडाकाका चप्पल काढून उभे राहतात.
"हितं पेव हुतं. दोनशे पोती बसायची."
आता वर हराळी, एक पाय मोडलेली खुर्ची,
आणि कुणाची तरी शेळी.

लॅपटॉप परत पाठवून नऊ दिवस झाले.
विश्रामबागच्या कुरिअरवाल्यानं विचारलं, आत काय?
मी म्हटलं, नोकरी.
तो हसला नाही. त्यानं लिहिलं: इलेक्ट्रॉनिक वस्तू, नाजूक.

काका चाळीस वर्षं अडतीवर तोलार.
हळकुंड मोडून, आवाजावरून ओल सांगायचे.
त्यांना कळत नाही ते एवढंच:
"काम न्हवतं तर माणसं घेतलीसा कशाला?"

काम नव्हतं असं नव्हे, काका. काम येणार होतं.
वायदा होता. वायदा तुम्हाला कळतो.
जग घरात कोंडलं होतं, आमचा आलेख चढत होता,
आम्हाला वाटलं, घाट म्हणजेच रस्ता.
पैसा इतका स्वस्त की संपवायची घाई,
मार्चअखेर उरला तर पुढच्या साली कमी मिळायचा.
शिवाय शेजारच्या पेढीनं उचलू नयेत
म्हणूनही माणसं घालून ठेवतात आपल्या पेवात.

मी घातली. एका तिमाहीत त्रेसष्ट.
हाताखाली चौदा होते तेव्हा
बैठकीत माझं वाक्य कुणीही तोडायचं.
सत्तर झाले, आणि लोक थांबून ऐकायला लागले.
मी काही वेगळं बोलत नव्हते.

मोबाइलवर सूचना केव्हा वाजावी, हे ठरवणारे सात जण.
ती वाजू नये, हे ठरवणारे पाच.
दर गुरुवारी दोघांची बैठक,
तिचं टिपण घ्यायला मृणाल खोत.
खोगीरभरती म्हणू नका हं तिला.
तासगावचा इरफान जमादार
रात्री दोनला बंद पडलेली सिस्टिम उठवायचा
आणि सकाळी वर स्वतःच माफी मागायचा.
एक पोतं किडकं नव्हतं, काका.

"पेवात वजन वाढतं," काका म्हणतात.
"जमिनीची ओल धरती. घातली त्यापरीस जास्त भरती.
हळद तेवढीच.
व्यापाऱ्याला वाटतं, आपुन लई शाणं."

मग कुठल्याशा लांबच्या बँकेनं व्याज वाढवलं.
पुन्हा वाढवलं.
मला एक तक्ता आला, तीस ओळी रिकाम्या,
आणि वाचून दाखवायचं वाक्य:
हा निर्णय तुमच्या कामाबद्दल नाही.
इरफाननं विचारलं, मग कशाबद्दल आहे?
मी वाक्य पुन्हा वाचलं.
माझं नाव दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात होतं.
त्यालाही तेच वाक्य आलं असणार,
कारण तोही दोनदा वाचत होता.

आपण म्हणतो पेव फुटलं,
क्लासेसचं, कंपन्यांचं, गल्लीतल्या पुढाऱ्यांचं.
खरंच फुटायचं का हो?
काका शेळीला हुसकतात. "फुटतंय कशाला? उघडत्यात.
फरशी काढली म्हंजे लगीच उतरायचं न्हाई.
दोरीनं कंदील सोडायचा आधी.
ज्योत तगली, तर माणूस."
आणि विझली तर?
"थांबायचं की. हळद कुठं पळती?"

फोन वाजतो. बंगळुरूचा नंबर.
गोड आवाज: आमच्याकडे मोठी भरती आहे मॅडम,
तुम्ही माणसं पटकन उभी करता असं ऐकलं.
मी विचारते, काम किती आहे?
पलीकडे जरा शांतता.
ते पुढच्या तिमाहीत स्पष्ट होईल, मॅडम.

काका चप्पल शोधतायत.
मी फोन तसाच कानाला धरून उभी,
हराळी जिथं थोडी खचलीय
तिथं पाय पडू नये म्हणून बघत.